डांबराचा डाग



पोलादाच्या कारखान्यांमुळे आपल्यापैकी कित्येक कुटुंबे गाव सोडून येथे स्थिरावली. कोकभट्टीत दगडी कोळसा तापविला की डांबर निघते. त्यातील बेंझोपायरीन हे द्रव्य लंडनच्या संशोधकांनी १९३३ साली दोन टन पिचमधून वेगळे केले. शरीर ते बाहेर टाकू पाहते आणि त्या खटाटोपातच त्याचे जनुकांना चिकटणारे रूप सिद्ध होते. पेशीची लिपी बिघडते आणि ती चूक पुढील पेशींत उतरते. कर्करोग प्रकट होण्यास मात्र कित्येक वर्षे लागतात. म्हणून ‘आजवर काही झाले नाही’ हा दिलासा फसवा होय.

धुराड्यांच्या काजळीने होणारा कर्करोग पर्सिव्हल पॉट यांनी इंग्लंडात १७७५ साली ओळखला. अंगभर पोशाख व नित्य स्नान पाळणाऱ्या युरोप खंडातील सफाईवाल्यांत तो विरळा असल्याचे बटलिन यांनी १८९२ साली दाखविले.

श्वासावाटे जाणारा धूर स्नानाने धुतला जात नाही. त्यासाठी भट्टीची दारे घट्ट हवीत, तोंडावर श्वसनरक्षक हवा. परंतु पाळी संपताच स्नान करणे, कामाचे कपडे घरच्या धुण्यात न मिसळणे, एवढे आपल्या हाती आहे. हातपाय धुऊनच घरात यावे, ही आजीची शिस्त येथे प्राणरक्षक ठरते.