नर्मदाकाठची मराठी वसाहत आणि अमेरिकेचा पश्चिम सीमान्त
(हीरकमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१० मे १८६९ रोजी अमेरिकेतील यूटा प्रांतात, प्रॉमॉन्टरी या ठिकाणी, पूर्वेकडून व पश्चिमेकडून आलेले दोन लोहमार्ग एकमेकांस जोडले गेले. त्यानंतर दहाच महिन्यांनी, मार्च १८७० मध्ये, तशीच घटना जबलपुरात घडली. अलाहाबादेकडून ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग १८६७ सालीच येथवर आला होता. मुंबईकडून खांडवा-इटारसीमार्गे आलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग त्यास येऊन मिळाला आणि मुंबई व कलकत्ता ही शहरे आगगाडीने सांधली गेली. दोन्हीकडे रुळांमागून माणसे आली, घरे उभी राहिली, शाळा निघाल्या. म्हणून या दोन वसाहतींचा इतिहास शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते.

अमेरिकेचा पश्चिमेकडील विस्तार प्रामुख्याने जमिनीसाठी झाला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने, जो कोणी पाच वर्षे राहून जमीन कसील त्यास अल्प शुल्कात १६० एकर जमीन देऊ केली. लक्षावधी कुटुंबे बैलगाड्यांतून व पुढे आगगाड्यांतून निघाली. १८९० च्या जनगणनेने असा सीमान्त आता उरला नाही असे नमूद केले, आणि १८९३ मध्ये शिकागो येथे फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने, अमेरिकन स्वभाव व लोकशाही याच सीमान्तावर घडली, असा सिद्धान्त मांडला. टर्नरने ज्या भूमीस मोकळी म्हटले ती मात्र मोकळी नव्हती. १८३० च्या कायद्याने चेरोकी आदी जमातींना मिसिसिपीपलीकडे हाकलण्यात आले व त्या वाटेवर हजारो माणसे मेली. वसाहतीच्या कथेत हे प्रकरण फार उशिरा लिहिले गेले.

नर्मदाखोऱ्यातील मराठी वसाहतीची कथा याहून जुनी आहे. १७२९ मध्ये महंमदखान बंगषाच्या वेढ्यातून छत्रसालास सोडविण्यासाठी पहिला बाजीराव बुंदेलखंडात धावून गेला. छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यास दिला, आणि त्याच्या व्यवस्थेसाठी कोकणातील नेवरे गावचे गोविंद बल्लाळ खेर, म्हणजेच इतिहासप्रसिद्ध गोविंदपंत बुंदेले, सागर येथे स्थिरावले. त्यांच्यामागून कारकून, शिलेदार, भिक्षुक व वैद्य आले. १७८१ मध्ये सागरकर मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपुष्टात आणले. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले.

दुसरी लाट इंग्रजी अमलातील. १८६१ मध्ये सागर-नर्मदा प्रदेश व नागपूर प्रांत एकत्र करून मध्य प्रांत निर्माण झाला, राजधानी नागपूर. एकाच प्रांतात हिंदी व मराठी जिल्हे आल्याने मराठी शिक्षक, वकील, डॉक्टर, मुनसफ यांची ये-जा सुरू झाली. पुढे रेल्वे, आणि १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना, यांनी नोकरदार कुटुंबांना येथे आणले. पहिली लाट तलवार व दप्तर घेऊन आली. दुसरी प्रमाणपत्र व बदलीचा हुकूम घेऊन आली.

येथे पहिला भेद दिसतो. अमेरिकेत नवागत नांगर धरण्यास आला. नर्मदेकाठी मराठी माणूस बहुधा वसूल करण्यास व कचेरी चालविण्यास आला. नांगर येथील कुणबी, लोधी, गोंड यांच्याच हाती राहिला. १८६० नंतरच्या जमाबंदीत इंग्रज सरकारने वसुली करणाऱ्या मालगुजारांस जमिनीचे मालक ठरविले, आणि त्यांत मराठी घराणीही होती. कसणाऱ्यास जमीन आणि वसूल भरणाऱ्यास जमीन, हे दोन कायदे परस्परांहून भिन्न. परंतु दोहोंतही आधीचा रहिवासी मागे पडला. ज्या गढ्याच्या राणी दुर्गावतीने १५६४ मध्ये रणांगणी देह ठेवला, त्याच राजवंशातील शंकरशहा व त्यांचे पुत्र रघुनाथशहा यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच शहरात इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. त्यांचे राज्य इंग्रजांनी नव्हे, मराठ्यांनी घेतले होते, हे मराठी शाळेच्या समारंभात स्पष्टपणे म्हटले गेले पाहिजे.

दुसरा भेद भाषेचा आहे, आणि शाळेच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा. १८७९ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल येथे मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाली. तेथे मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात आणि मातृभाषा बोलण्यास मनाई असे. म्हणजे वसाहतकारांनी आपली भाषा लादली. नर्मदाकाठी उलट घडले: वसाहतकारांनीच स्थानिकांची भाषा आपली केली. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी हिंदी पत्रकारितेचा पाया घातला, 'दासबोध' व 'गीतारहस्य' हिंदीत आणले, आणि १९२० मध्ये जबलपुरातून निघालेल्या 'कर्मवीर' पत्रामागे त्यांचीच प्रेरणा होती. काही काळ जबलपुरात राहिलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे कवी व समीक्षक झाले. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषा वाटून घ्याव्यात, यातच या प्रदेशातील मराठी माणसाचे सगळे चरित्र आले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. एका दिवसात येथील मराठी ही राज्यकारभाराच्या भाषेवरून अल्पसंख्याकांच्या भाषेवर आली. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम घातले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. मराठी शाळेचा हक्क या कलमावर उभा आहे. ती शाळा पूर्वजांच्या सत्तेचा अवशेष नव्हे. आईच्या भाषेत पहिला धडा गिरवण्याच्या प्रत्येक मुलाच्या अधिकाराचे ते एक उदाहरण आहे.

हा अधिकार मान्य केला की तो एकट्या मराठीपुरता ठेवता येत नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख लोक होते; तरीही ती भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. मातृभाषेसाठी झटणाऱ्या संस्थेने शेजारच्या मंडला-डिंडोरीतील मुलांच्या मातृभाषेविषयीही बोलावे, हे न्यायाला धरून होईल. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या हिशेबाची अंशतः परतफेड अशीच होऊ शकते.

पालकांपुढील प्रश्न अधिक निकटचा आहे. घरात आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो; पणतू कदाचित इंग्रजीत देईल. त्यात दोष कोणाचाच नाही. पोटापाण्याची भाषा बदलते, तशी घरातील भाषाही बदलते. परंतु अमेरिकेच्या मैदानांत स्थायिक झालेल्या जर्मन, नॉर्वेजियन, स्वीडिश कुटुंबांच्या भाषा दोन-तीन पिढ्यांत ओसरल्या, तेव्हा त्यांच्यामागे पत्रे, रोजनिश्या व चर्चच्या नोंदी तरी राहिल्या. येथील मराठी घरांतील मोडी कागद ट्रंकांमध्ये वाळवीची वाट पाहत आहेत.

तेव्हा या हीरकमहोत्सवी वर्षात प्रत्येक माजी विद्यार्थ्याने एक पान लिहावे: घराणे कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणत्या कामासाठी जबलपुरास आले, पहिले घर कोणत्या मोहल्ल्यात होते, शेजारी कोण होते आणि त्यांनी कोणती मदत केली. ते पान मराठीत असावे आणि नातवाकडून वाचून घ्यावे. जेथे तो अडखळेल तेथे थांबून त्याला अर्थ सांगावा. शाळेचे पुढील काम तेथूनच सुरू होईल.