स्वस्त विमानप्रवास : भाडे पाडणे आणि खर्च पाडणे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चालकांनी विषयाची निवड आम्हांवर सोपविली, तेव्हा आम्ही स्वस्त भाड्याच्या विमान कंपन्यांची चढाओढ हा विषय घेतला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. मग हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्यातील कितीतरी घरांतील मुले आज पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे नोकरीस आहेत व विमानाने ये-जा करतात. शिवाय कित्येक तरुण नोकरीची वाट न पाहता खामगाव, चिखली, मलकापूर येथे स्वतःचा धंदा मांडीत आहेत. या दोघांनाही या चढाओढीपासून शिकण्याजोगे पुष्कळ आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विमानविद्येत आम्हांस गती नाही. तथापि ज्याने जन्मभर मुलांकडून अंकगणित करवून घेतले, त्याने नफातोट्याचा हिशेब मांडण्यास हरकत नसावी.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९५३ मध्ये विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले व पुढे चार दशके ती सरकारच्याच हाती राहिली. नव्वदीच्या दशकात खाजगी कंपन्यांस वाट मोकळी झाली. पण विमान श्रीमंतांचेच राहिले. सैन्यातून निवृत्त होऊन शेती केलेले कॅप्टन गोपीनाथ यांनी ऑगस्ट २००३ मध्ये ‘एअर डेक्कन’ सुरू केली आणि चित्र पालटले. खाणेपिणे फुकट नाही, मानपान नाही, फक्त पोहोचविणे, हे त्यांचे सूत्र होते. काही जागा तर त्यांनी एक रुपयास विकल्या. पुढे २००५ मध्ये ‘स्पाइसजेट’ व ‘गोएअर’ आणि ऑगस्ट २००६ मध्ये ‘इंडिगो’ मैदानात उतरली.

आता एक रुपयाचे तिकीट परवडते कसे? आपल्याकडील काळी-पिवळी माणसे भरेपर्यंत थांबते. विमानास तसे थांबता येत नाही. वेळ झाली की त्याला एस.टी.प्रमाणे निघावेच लागते. रिकामी राहिलेली जागा उड्डाणानंतर कवडीमोलाची होते. समजा, एका फेरीचा खर्च सहा लाख रुपये आहे. १२० प्रवासी असतील तर माणशी खर्च ५,००० रुपये. १५० असतील तर ४,०००. म्हणून लवकर येणाऱ्यास स्वस्त व आयत्या वेळी येणाऱ्यास महाग तिकीट देऊन विमान भरावयाचे, ही यातील मुख्य युक्ती होय. आजारपणास वा दुःखद प्रसंगी धावत निघालेल्या माणसास भाडे का टोचते, याचे उत्तर येथेच आहे. दिवाळीस घरी येणाऱ्या मुलांनी तिकीट दोन महिने आधी काढावे, हा त्यातून निघणारा व्यावहारिक बोध.

परंतु विमान भरणे हा अर्धाच हिशेब झाला. उरलेला अर्धा खर्चाचा आहे. अमेरिकेत १९७१ मध्ये उड्डाणे सुरू करणाऱ्या ‘साउथवेस्ट’ कंपनीने तो जगास शिकविला. सगळी विमाने एकाच बनावटीची ठेवावयाची, म्हणजे सुटे भाग एक, वैमानिकांचे व कारागिरांचे शिक्षण एक. उतरलेले विमान झटपट पुन्हा उडवावयाचे. दिवसाचे सहा मुक्काम धरले आणि प्रत्येक मुक्कामी अर्धा तास वाचला, तर तीन तास हाती येतात. तेवढ्यात त्याच विमानाची आणखी एक फेरी होते. जमिनीवर उभे असलेले विमान म्हणजे बांधून ठेवलेला बैल. चारा खातो, नांगर ओढीत नाही.

‘इंडिगो’ने हा धडा मन लावून गिरविला. उड्डाण सुरू होण्यापूर्वीच, २००५ मध्ये, तिने १०० ‘एअरबस’ विमानांची एकदम मागणी नोंदविली. घाऊक खरेदीत भाव उतरतो, हे आपल्या व्यापाऱ्यांस सांगावयास नको. आरंभीची कित्येक वर्षे तिने एकाच जातकुळीची विमाने आणि एकच वर्ग ठेवला व वेळेवर निघण्याचा लौकिक मिळविला.

इतरांचे काय झाले? राजेशाही थाटाच्या ‘किंगफिशर’ने २००७ मध्ये ‘एअर डेक्कन’मध्ये भागभांडवल घेतले व पुढे ती आपल्यात सामावून घेतली. एका छपराखाली थाटही आणि स्वस्ताईही नांदली नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिची विमाने थांबली. ‘जेट एअरवेज’ने २००७ मध्ये ‘एअर सहारा’ विकत घेतली. पुढे स्वस्त कंपन्यांच्या भाड्याशी बरोबरी करावयाची आणि खर्च मात्र जुन्या इतमामाचा, या ओढाताणीत एप्रिल २०१९ मध्ये तिचेही पंख मिटले. ‘गोएअर’ने नाव बदलून ‘गो फर्स्ट’ केले. इंजिनांच्या दोषामुळे सुमारे निम्मी विमाने जमिनीवर राहिली आणि मे २०२३ मध्ये ती बंद पडली. प्रत्येक वेळी हजारो नोकरांचे पगार थकले, प्रवाशांचे पैसे अडकले. त्या नोकरांच्या घरीही शाळेची फी आणि घराचे हप्ते होतेच. कर्ज काढून मुलास वैमानिक करणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे.

यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. भाडे पाडणे एका रात्रीचे काम आहे; खर्च पाडणे वर्षानुवर्षांचे. विमानाच्या खर्चाचा मोठा वाटा इंधनाचा. त्याचा भाव कंपनीच्या हाती नाही, रुपयाची घसरणही तिच्या हाती नाही. हाती असते ती काटकसर. जिने ती न करता केवळ शेजाऱ्याचे भाडे पाहून आपले उतरविले, ती बुडाली.

पण प्रतिस्पर्धी बुडाले म्हणजे ग्राहकाचे कल्याण झाले, असे मात्र नव्हे. २०२५ मध्ये देशांतर्गत प्रवाशांपैकी शेकडा ६० हून अधिक एकट्या ‘इंडिगो’कडे होते. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, त्यास पुरेशी तयारी नव्हती आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिची हजारो उड्डाणे रद्द झाली. लोक विमानतळावर ताटकळले, इतर कंपन्यांची भाडी कडाडली आणि अखेर सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. काटकसर माणसांच्या विश्रांतीपर्यंत जाऊन पोहोचली की ती काटकसर राहत नाही. आणि बाजारात दुसरे दुकान उरले नाही, तर पहिल्याची चूक सगळ्या गावाला भोवते.

लहान गावांची कथा तर याहून निराळी. केंद्राच्या ‘उडान’ योजनेत ठरावीक काळ सरकार तोटा भरून देते. आपल्या शेजारच्या जळगावची सेवा डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली, थांबली, २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीने धरली, पुन्हा थांबली आणि २०२४ मध्ये तिसरीने सुरू केली. आपल्या विभागाच्या ठाण्यास, अमरावतीस, एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचे विमान लागले. आम्हांस त्याचा आनंदच आहे. परंतु मदतीच्या आधारावर सुरू झालेली सेवा प्रवाशांच्या आधारावरच टिकते.

तरुणांस आमचे सांगणे इतकेच. धंदा मांडाल तेव्हा समोरच्याने भाव उतरविला म्हणून त्याच दिवशी आपला उतरवू नका. आधी आपली वही उघडा. भाडे, व्याज, उधारी, पडून राहिलेला माल यांत कोठे बचत होते ते पाहा आणि मग भाव ठरवा. नोकराच्या पगारात व ग्राहकाच्या मापात मात्र काटकसर शोधू नका. आणि शेजारच्या दुकानदाराचे दिवाळे निघावे अशी इच्छा धरू नका. तो आहे म्हणूनच तुम्ही जागे आहात.