मांडवात नसलेले तज्ज्ञ



डॉक्टर, पत्रकार, पोलीस अधिकारी, संगणकतज्ज्ञ आणि शिक्षक यांना एका मांडवाखाली आणणे सोपे नसते. संयोजकांनी ते जमवले, त्यांचे अभिनंदन. अफवा आणि अपप्रचार यांच्याविरुद्ध तज्ज्ञांची कायमची फळी उभी करावी, असा ठराव उद्या तुमच्यापुढे येणार आहे. तो मंजूर व्हावा, असेच मला वाटते. पण त्या फळीत कोण बसणार, याविषयी मला थोडे बोलायचे आहे, आणि त्यासाठी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जावे लागेल.

१ जुलै २०१८. रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे तिथे आली होती. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जगण्याचा मार्ग. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या पट्ट्यात आधीपासून फिरतच होते. जमावाने पाचही जणांना मारून टाकले. त्या दिवसांत फिरणाऱ्या दृश्यांमधली मृत मुले सीरियातली होती, २०१३च्या विषारी वायूच्या हल्ल्यात गेलेली. दुसरी एक चित्रफीत कराचीतल्या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. मोटारसायकलवरून उचललेले मूल शेवटी परत आणून सोडतात, एवढाच भाग कुणीतरी कापून टाकला होता.

हा सगळा छडा पत्रकारांनी आणि पडताळणी करणाऱ्यांनी लावला. काम उत्तम झाले, आपल्यापैकी काहीजण रोज तेच करतात. तरीही विचारावेसे वाटते, की ही माहिती त्या दिवशी सकाळीच बाजारात पोचली असती, तर ती माणसे वाचली असती का? मला शंका आहे. सीरिया कुठे आहे याच्याशी त्या जमावाला काही देणेघेणे नव्हते. त्याच्यापुढे अनोळखी वेशातली, वेगळ्या बोलीची माणसे उभी होती. तिथे हवा होता तो ‘अरे, हे डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे, भिक्षेला फिरतात’ एवढे ठामपणे सांगणारा आणि ज्याचे गाव ऐकेल असा कुणीतरी. हेही ज्ञानच आहे. ते कुठल्या विद्यापीठात शिकवत नाहीत, म्हणून ते आपल्या यादीत येत नाही.

त्याच दिवशी रात्री मालेगावात जमावाने पाच जणांना घेरले, त्यात एक लहान मूलही होते. ती सगळी वाचली. काही स्थानिक लोक मध्ये पडले आणि पोलिसांनी जमावाच्या हातून त्यांना सोडवून नेले. चित्रफितीचा उगम तिथेही कुणी शोधत बसले नव्हते.

याचा अर्थ शास्त्रज्ञ नकोत, असा कुणी काढू नये. २१ सप्टेंबर १९९५ला देशभर गणपती दूध प्यायला लागले, तेव्हा पृष्ठताण आणि केशाकर्षण म्हणजे काय, हे शास्त्रज्ञांनीच समजावले. दिल्लीच्या मंदिरात त्यांनी दुधात रंग मिसळून दाखवला, तेव्हा ते मूर्तीवरून ओघळताना दिसले. पण तो प्रसंग तुलनेने सोपा होता. त्यात लोकांना आनंद होता. मूल पळवले जाईल ही भीती असते, आणि भेदरलेल्या माणसाला प्रयोग दाखवता येत नाही. त्याला आपल्या बाजूचा वाटणारा आवाज लागतो.

मुंबईने हे फार पूर्वी अनुभवले आहे. १८९६च्या प्लेगमध्ये आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा हजारभर जमाव चालून गेला. रुग्णालयात माणसे मारतात, अशी बोलवा होती. तज्ज्ञांची वाण तेव्हा नव्हती. शास्त्रज्ञ हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवत होते, आणि १८९७च्या जानेवारीत त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण त्याच वर्षी पुण्यात सोल्जर घरात घुसून झडत्या घेत होते. बोलवा खोटी असली, तरी तिला खतपाणी घालणारी दडपशाही खरी होती. लोकांचा विश्वास असा आधीच गमावलेला असला, तर पडताळणीचे पत्रक कितीही नेमके असो, ते कोण वाचणार?

म्हणून खरे-खोटे ठरवण्याचा अधिकार सरकारच्या हाती देण्याची कल्पना मला कधी पटली नाही. केंद्राच्या कामकाजाविषयीचा मजकूर तपासण्यासाठी सरकारचाच कक्ष नेमण्याची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये रद्द ठरवली, ते योग्यच झाले. स्वतःविरुद्धच्या तक्रारीत स्वतःच न्यायाधीश, असे चालत नाही.

याउलट २०२०च्या मार्चमध्ये शेकडो भारतीय शास्त्रज्ञ कोणी न बोलावता, स्वतःहून एकत्र आले आणि कोविडविषयीच्या खोट्या दाव्यांची अनेक भारतीय भाषांत चिरफाड करू लागले. टाळ्या-थाळ्यांच्या कंपनांनी विषाणू मरतो म्हणणारे संदेश तेव्हा जोरात होते. या मंडळींच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे, जे कळलेले नाही ते कळलेले नाही असे त्यांनी छापले. आपल्यातल्या कित्येकांना हे अजून जमत नाही. डॉक्टरांचे आपसात मतभेद आहेत हे लोकांना सांगितले, की गोंधळ होतो म्हणे. गोंधळ लपवल्याने होतो. मास्कचा सल्ला बदलला तेव्हा तो का बदलला, हे सांगायला आपण उशीर केला, आणि ती मोकळी जागा बनावट वैद्यांनी भरली. बाकी त्या शास्त्रज्ञांच्या कामाची मर्यादाही उघड होती. वाचायला मजकूर भरपूर होता, पण ज्यांना वाचायची सवय नाही त्यांच्यासाठी फार थोडा. अफवा मात्र आवाजातून येते, ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून येते. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असे केले. अफवेला पाच पुरतात, हा भाग वेगळा.

आता ठरावाकडे येतो. मसुद्यात राज्यस्तरीय समिती आहे, तीत वैद्यक, विधी, माध्यमे आणि संगणक यांचे प्रतिनिधी आहेत. अध्यक्ष म्हणून माझी दुरुस्ती अशी, की पहिली समिती तालुक्याची असावी आणि राज्याची नंतर. तालुक्याच्या समितीत आशाताई असाव्यात, पोलीस पाटील असावा, आठवडे बाजारात बसणारा व्यापारी असावा, तिथली बोली बोलणारा शिक्षक असावा, आणि भटक्या-विमुक्त समाजाचे निदान दोन प्रतिनिधी असावेत. शहरातल्या तज्ज्ञाने त्यांना बोलीत सांगता येईल असा मिनिटाभराचा ध्वनिसंदेश द्यावा, तोही दोन तासांच्या आत. उत्तर माहीत नसेल, तर तेवढेच सांगावे. पावसाळ्याच्या तोंडावर कोणत्या समाजाचे लोक कोणत्या वाटेने येतात, हे तालुक्याने आधीच गावाला कळवून ठेवावे. याला खर्च जवळपास नाही.

दुपारच्या सत्रात जिल्हावार गट बसणार आहेत. आज या मांडवात डवरी गोसावी समाजाचे कुणी दिसत नाही. मंगळवेढ्याच्या आणि साक्रीच्या प्रतिनिधींनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे यावे. उद्या मतदानाआधी कुणाला बोलवायचे, कोणत्या गाडीने येता येईल आणि प्रवासखर्च कुणी द्यायचा, हे आपण तिथेच ठरवू.