जपानी अतिथिगृहातील मुक्काम : आधी कळवा, मग जा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



अभ्यासदौऱ्यासाठी जपानला जाण्याचा योग आपल्यापैकी काहींना येतो. तेथे एक रात्र तरी 'ऱ्योकान' या जुन्या पद्धतीच्या अतिथिगृहात काढावी. यामानाशी प्रांतातील केइउन्कान हे ऱ्योकान तर इ.स. ७०५ मध्ये सुरू झाल्याचे सांगतात.

दारात जोडे काढण्याची सवय आपल्याला आहेच. पण तेथे घरात वापरायच्या सपाताही खोलीबाहेर ठेवाव्या लागतात, कारण खोलीत तातामी अंथरलेली असते. तिची वरची चटई इगुसा नावाच्या लव्हाळ्याची असते. जुन्या पद्धतीत आतला थर भाताच्या पेंढ्याचा, दाबून सुमारे ५ सें.मी. जाडीचा करतात. इगुसाची लावण हिवाळ्याच्या तोंडाशी भातखाचरात होते आणि कापणी जून-जुलैमध्ये. म्हणून चाकांची बॅग तातामीवरून ओढू नये, उचलून ठेवावी. स्नानाचा गरम पाण्याचा हौद सामायिक असतो. अंग बाहेर साबणाने धुऊन मगच त्यात उतरावे.

आता माझी चूक सांगतो. मी शाकाहारी आहे, हे मी संध्याकाळी पोचल्यावर सांगितले. तेथे भाडे माणशी असते, त्यात रात्रीचे जेवण व न्याहारी धरलेली असते आणि स्वयंपाक माणसे मोजून होतो. माझे ताट तयार होते व बहुतेक वाट्यांत मासळी होती. मालकीणबाई रागावल्या नाहीत. उलट त्यांनीच वाकून क्षमा मागितली आणि साधा भात, लोणचे व उकडलेली भाजी आणून दिली. मला मात्र घास उतरेना. ते अन्न कोणीतरी पिकवले होते, पकडून आणले होते. बाजारात आपला माल नाकारला गेला की कसे वाटते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा खोली ठरवतानाच लेखी कळवा. नुसते 'शाकाहारी' लिहून भागत नाही. सार आणि भाज्यांत वापरली जाणारी 'दाशी' बहुधा वाळवलेल्या माशाची असते. 'माशाची दाशी नको, कोंबू या समुद्रशेवाळाची चालेल' असे स्पष्ट लिहा. जमत नसेल तर ते तसे कळवतील. मग कोयासान येथील बौद्ध मंदिरांच्या निवासांचा विचार करा. तेथे शाकाहारी जेवण मिळते.

आपल्यापैकी जे कृषी पर्यटन केंद्र चालवतात, त्यांनीही पाहुण्यांना हाच प्रश्न आधी विचारावा. शिजवलेले अन्न परत कोठारात जात नाही.