इतिहासाच्या तासाला सिनेमा
(पालक मेळाव्यातील भाषण)



गेल्या वर्षी एक पालक मला भर रस्त्यात म्हणाले, "सर, पोरीला इतिहास शिकायला पाठवलं, अन् तुम्ही पिक्चर शिकवायलात!" त्यांचा राग खोटा नव्हता. मोबाईलने घरोघरचे आईबाप धास्तावले आहेत. परंतु 2018 साली आलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातच प्रसारमाध्यमे व मनोरंजनाची माध्यमे यांवर धडे होते. ‘दर्पण’ 1832, ‘राजा हरिश्चंद्र’ 1913, एवढे पाठ केले की गुण मिळतात. मला तेवढ्यावर थांबवत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले, कारण त्या कामाला बाई मिळेना. त्यानंतर तेराच वर्षांनी, 1926 साली, फातमा बेगम यांनी स्वतःची कंपनी काढून ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतातील त्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाची नायिका जुबेदा, ही त्यांचीच मुलगी. मायलेकींचे हे दोन्ही चित्रपट आज पाहावयास मिळत नाहीत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते 1964 साली!

हे ऐकून एका मुलीने विचारले, "मग सर, खरं काय ते कळतं कसं?" अहो, हाच तर इतिहासाचा तास! जुन्या जाहिराती, छायाचित्रे, वर्तमानपत्रे चाळायची. कोणी छापले, केव्हा, कशासाठी, हे विचारायचे. मोबाईलवर आलेल्या चित्रफितीलाही हेच तीन प्रश्न.

यंदा मी घरचा अभ्यास दिला. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामांनी युद्धबंदीची घोषणा केली, ती रेडिओवरूनही ऐकविली गेली. आपला मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात. ही बातमी तुमच्या घरी कशी पोहोचली? बहुतेक वह्या कोऱ्या आल्या. सांगणारी माणसेच उरली नाहीत. एका मुलाच्या परनानीने मात्र सांगितले, "आमच्या गल्लीत रेडिओ कुठला? खबरीच्या आधी अफवा आली. रातोरात शेतात जाऊन बसलो." मुलाने ते तिच्याच शब्दांत उतरविले आहे. तिने याआधी हे कोणालाच सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते.

ज्यांच्या घरी नव्वदीचे दादा, दादी, नाना, नानी असतील, त्यांनी या रविवारी मुलांना वही घेऊन त्यांच्याजवळ बसू द्यावे. वह्या मी सोमवारी पाहीन.