सोडता आलेली शर्यत

पन्नाशी ओलांडलेल्या कवीने सायकल शर्यतीत उतरू नये, असा काही नियम नाही. म्हणून मी उतरलो. शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याहून भीमेचा पूल ओलांडून दौंडच्या पारगावापर्यंत, आडवाटेने, हौशी लोकांची माउंटन बाईकची शर्यत. आदल्या रात्री कणकण होती. पत्नीने कपाळाला हात लावला, म्हणाली, ‘तवे जैसा गरम है, नक्को जाव.’ मी ताप उतरण्याची गोळी घेतली आणि गेलो. चारचौघांत सांगून बसलो होतो ना!

कालव्याच्या भरावापर्यंत ठीक चालले. पुढे उसाच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीत चाक रुतू लागले. आधी घाम, मग हुडहुडी. हलका गिअर टाकला, तरी छातीतली धडधड थांबेना. पोरे पुढे निघून गेली.

गोळीने ताप उतरतो, आजार नाही. नुसते नाक वाहत असेल तर गोष्ट वेगळी. पण अंगात ताप असताना जोर काढला, तर क्वचित हृदयाच्या स्नायूंनाही इजा होते. हे डॉक्टरांनी नंतर समजावले.

पूल दिसत असताना मी उतरलो. उसाच्या फडातल्या एका बाईने पाणी दिले. ‘ताप हाय व्हय भाऊ? मग थांबायचं की.’ तांब्या घेताना तिचा हात लागला. माझ्याइतकाच तापलेला.

‘ताई, तुम्ही का नाही थांबत?’

‘खाडा पडतो,’ ती म्हणाली आणि कोयता घेऊन वळली.

माझी शर्यत हौसेची होती. म्हणून ती सोडता आली.