हाडं, साखर आणि दोन तास

मौद्याहून तुमच्या बचत गटांची समन्वयक बोलते आहे.

हाडं कशासाठी असतात? आपण म्हणू, उभं राहायला, ओझं उचलायला. पण हाडं आणखीही एक काम करतात. हाड घडवणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचं प्रथिन तयार करतात आणि त्यातलं थोडं रक्तात येतं. २००७ साली अमेरिकेत डॉ. जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटाला दिसलं, की ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हतं, त्यांच्यात इन्सुलिन कमी पडत होतं आणि साखर वाढत होती.

इन्सुलिन रक्तातली साखर पेशींत पोचवतं. गरोदरपणात वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे त्याचा जोर कमी पडतो, म्हणून ते जास्त लागतं. जिच्या शरीरात तेवढं तयार होत नाही, तिची साखर वाढते. यात हाडांच्या प्रथिनाचा वाटा किती, यावर अभ्यास झाले, पण त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्यामुळे हाडांची महागडी तपासणी किंवा साखर उतरवणारी पावडर कोणी विकायला आणली, तर पैसे देऊ नका. दवाखान्यातल्या कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चालू ठेवा.

खरी तपासणी साधी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशी राहावं लागत नाही. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला, तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. पहिल्या तपासणीलाच हे करायचं. तेव्हा ठीक आलं, तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायचं.

"मी तर हडकुळी, मला कुठली साखर?" असं म्हणू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांचा अभ्यास केला. बाळं वजनाला कमी होती, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त होती. नुसत्या वजनावरून साखर कळत नाही.

साखर वाढली तरी बहुतेक वेळा काही दुखत नाही. पण पोटातलं बाळ फार मोठं होऊ शकतं, बाळंतपण अडू शकतं, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते. वेळेत कळलं, तर पुष्कळ जणींचं जेवणावर आणि चालण्यावर भागतं. आपण धानाच्या पट्ट्यातल्या बाया, भात सोडायचा नाही. ताटात भात थोडा, वरण-भाजी जास्त, आणि जेवण थोडं थोडं विभागून. दोन आठवड्यांनी पुन्हा साखर बघतात. लागलं तर डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन देतात. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, कारण अशा आईला पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो.

अडचण आहे ती दोन तासांची. रोवणीत मजुरी बुडते, म्हणून बाई जातच नाही, किंवा ग्लुकोज पिऊन परत येते. हे एकटीवर सोडू नका. पुढच्या बैठकीत गावातल्या गरोदर बायांची यादी आशाताईंसोबत करा. कोणाला कितवा महिना, तपासणी झाली की नाही, ते लिहा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी सोबत कोण जाणार, घरचं लेकरू कोण सांभाळणार, हे बैठकीतच ठरवा. आपण हप्ते वेळेवर भरतो, तशीच ही तारीखही पाळू या.